शेंदूर लावलेले उंदीर

यंदा मार्गशीर्षात डोणगावहून मेहकरला येत होते. एस.टी.च्या खिडकीबाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे, पुन्हा मोकळी वावरं. आणि एका वळणावर चक्क ज्वारीची सुडी दिसली. कुणीतरी हट्टानं एकर-दोन एकर ज्वारी पेरली असणार. कापलेली ताटं उभी रचून बांधलेली ती सुडी मी मान वळवून वळवून दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. कडब्याचा गोडसर, धुळकट वास आत आला. शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. तिला मी आनंदानं म्हटलं, "या सुडीखाली निदान चार तरी बिळं असतील बघ." तिनं मोबाइल खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पाय वर घेतले.

मला सवय आहे याची. मी उंदरांची बाई. उभा जन्म मी वावरातले उंदीर पाहिले, त्यांच्यावर लिहिलं, भाषणं दिली, आणि उभा जन्म लोकांनी मला विचारलं, "वाघावर का नाही लिहीत?" एकदा तर माझ्याच सत्काराला आलेले पाहुणे अर्धा तास वाघाबद्दल बोलले. बोलता बोलता त्यांचेच डोळे पाणावले. मग त्यांनी मला शाल पांघरली. मी उठून म्हटलं, "साहेबांनी पाहिलेल्या वाघाचा मला हेवा वाटतो. पण साहेब, आज सकाळी तुम्ही भाकरी खाल्लीत, तिच्यावर वाघाचा काही हक्क नव्हता. माझ्या प्राण्याचा होता." लोक हसले. पाहुणे हसले नाहीत. वन्यप्राणी म्हटला की तो डरकाळी फोडणारा, देखणा आणि संख्येनं थोडका असला पाहिजे, असं आपण ठरवूनच टाकलं आहे. जो आपल्या पायाखाली राहतो, आपलंच खातो, त्याच्याकडे पाहायला आपल्याला लाज वाटते. मला नाही वाटली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला वाटली होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पंचायत समित्या नव्या होत्या, साहेबांच्या जीपगाड्या नव्या होत्या आणि एम.एस्सी.ला बसलेली मीही नवीच होते. वडील मेहकरला तहसीलमध्ये कारकून. आमच्या नात्यागोत्यात प्राणिशास्त्र शिकायला शहरात गेलेली मुलगी दुसरी नव्हती. प्रबंधाला विषय देताना सर म्हणाले, "मुलीच्या जातीला जंगलात कसं पाठवायचं? तुम्ही उंदीर घ्या. घराजवळ मिळतील." वर्गातली मुलं खोकल्याचं निमित्त करून हसली. खाली मान घालून मी 'हो' म्हटलं. वसतिगृहाच्या खोलीवर येऊन रडले, आणि रडताना ठरवलं की आता उंदीर असा पाहीन की यांनी वाघ तसा पाहिला नसेल. राग हा माझा पहिला मार्गदर्शक. दुसरा भेटला जानेफळला.

जानेफळला माझ्या मामाचं वावर होतं. विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी आणि मिरच्या, आणि वरच्या काळ्या रानात ज्वारी. मी पिंजरे, वही आणि एक जाड इंग्रजी ग्रंथ घेऊन पोचले तेव्हा सोंगणी आटोपत आली होती. त्या दिवसांसारखे दिवस मी पुढे पाहिले नाहीत. सकाळी गार वारा, ताटांवर दव, दुपारी पाठ भाजेल असं ऊन. कापलेल्या रानात उरलेली धसकटं चपलेतून टोचायची. काळी जमीन वाळून भेगाळत चाललेली, आणि त्या भेगांतून मऊ केसांचे छोटे उंदीर ये-जा करायचे. त्यांना बीळ खणायचे कष्टच नकोत, भेग हेच घर. खळ्यावर बैलांची पात फिरायची, उपणताना भुसा उडून केसांत, कानात, भाकरीत जायचा. मामी ठेच्यात तीळ घालायची. एवढं सगळं आठवतं, आणि परीक्षेला काय काय पाठ केलं होतं त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

सुड्या रचून झाल्या की गावातल्या काही बायका वावरात उतरायच्या. हातात सब्बल म्हणजे पहार, खुरपं, डोक्यावर टोपलं. उंदीर हंगामभर कणसं तोडून बिळात नेतात, जमिनीखाली नीट रचून ठेवतात. ती बिळं उकरून या बायका कणसं काढायच्या. रीत अशी की वावर कुणाचंही असो, बिळातलं धान्य उकरणारीचं. मालक तिकडे बघायचाही नाही. उलट बिळं मोडतात, रान सारखं होतं, म्हणून बरंच मानायचा. ज्यांना वावर नव्हतं अशा घरांत पौष आणि माघ या बिळांवर निघायचा. माझ्या जाड ग्रंथात या बायकांबद्दल एक ओळ नव्हती.

त्यांतली कौतिकाबाई माझी. 'माझी' म्हणायचा हक्क मला तिनं पुढे दिला. पहिल्या दिवशी तिनं मला पिंजऱ्यांत भज्यांचं आमिष लावताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, पुढचा एक दात नाही.

"काय करून राह्यली वं बाई?"

"उंदीर धरून राह्यली, मावशी. अभ्यासाले."

"थ्या बिळापाशी? थे तं रिकामं हाय. कायले भजं वाया घालवतं?"

बीळ रिकामं आहे हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं. तिनं मला हाताला धरून खाली बसवलं. तोंडाशी माती ताजी, ओलसर आणि भुरभुरीत असली की मालक घरात आहे. माती बसलेली, वर कोळ्याचं जाळं असलं की घर सोडून गेला. तोंड आतून मातीनं बंद केलेलं असलं तर घूस. तोंडाशी गुळगुळीत, घासल्यासारखी पट्टी असली तर हात घालू नको, आत साप शिरलाय. हे सगळं तिनं मला बैलाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात सांगितलं. मी वही काढली तशी ती म्हणाली, "लिवून कायले ठेवतं? पाह्य ना."

मग तिनं एक बीळ उकरलं. पहिल्यांदा जमिनीला कान लावला. मग सब्बल तोंडाशी न घालता चार हात लांब घातली, कारण कोठार तिथे असणार हे तिला ठाऊक होतं. माती हातानं बाजूला करत गेली आणि खाली कणसं दिसली. देठ एका अंगाला, दाणा एका अंगाला, थरावर थर. माझ्या तोंडून 'अगं आई' एवढंच निघालं. तिनं टोपलं भरलं. आणखी एक कोनाडा दिसत होता, त्यातही कणसं होती, पण तो तिनं पुन्हा मातीनं झाकला.

"हे काऊन सोडलं, मावशी?"

"सारं नेलं तं थो मरते नाही का? मंग पुढल्या साली कोनाच्या घरी जाऊ मी?"

पुढे परदेशातल्या लोकांचे जाड जाड लेख वाचले. शिकार किती करावी, किती राखावी, त्याची गणितं वाचली. प्रत्येक वेळी मनात म्हटलं, अहो हे आमच्या कौतिकाबाईनं मातीनं झाकलं होतं. हे मी मोठ्या सभांतूनही म्हटलं आहे. लोकांना ते गोड वाटतं, ते टाळ्या वाजवतात. मला टाळ्या नको असतात, मला तिचं नाव लिहून घेतलेलं हवं असतं.

आता शेंदराकडे येते. उंदीर कुठून कुठे जातो हे कळायचं तर धरलेला उंदीर खूण करून सोडावा लागतो, म्हणजे पुन्हा सापडला की ओळखता येतो. सरांची पद्धत ग्रंथातली होती: पायाची बोटं छाटायची. कुठलं बोट छाटलं त्यावरून उंदराचा क्रमांक ठरायचा. मी बारीक कात्री घेऊन गेले होते. पहिला उंदीर कौतिकाबाईनं फडक्यात धरून दिला, मी कात्री उघडली आणि ती म्हणाली, "हे काय वं?"

मी सांगितलं.

"बोटं तोडते? मंग थो बीळ कशानं उकरन?"

कात्री तशीच राहिली. उकरणाऱ्या प्राण्याची बोटं छाटून तो कसा उकरतो हे मी पाहणार होते! ग्रंथ लिहिणाऱ्याला हे सुचलं नव्हतं, सरांना सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. जिचा स्वतःचा संसार बोटांनी उकरून चालला होता तिला एका क्षणात सुचलं. मी शाई लावून पाहिली, दवानं गेली. अळता लावला, दोन दिवसांत फिकटला. शेवटी कौतिकाबाई म्हणाली, "मारोतीले लावते थो शेंदूर लाव. तेलात कालवून. वर्सभर निंगत नाही थो." मी शेंदूर आणला. त्यात शिसं असतं हे मला माहीत होतं, म्हणून एकच ठिपका, मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही. उंदीर ती धरायची, ठिपका मी लावायची. मामाच्या वावरात लावले, मग त्याच्या बांधाला लागून असलेल्या वामनरावांच्या वावरातही लावले. काम असं छान चाललं होतं की मी सरांना पत्रच पाठवलं नाही. तिथे चुकले असेन. पण कात्री ठेवून दिली त्यात चुकले नाही, हे तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

आणि मग चतुर्थी आली. वामनराव सकाळी सुडी उचलायला गेले, पेंढी काढली आणि खालून मानेवर शेंदूर ल्यालेला उंदीर बाहेर आला. चतुर्थीला, उपाशी पोटी, गणपतीचं वाहन! वामनराव साधा, भला माणूस. त्यांनी पेंढी तिथेच टाकली आणि हात जोडले. दुपारपर्यंत आणखी दोघांना असेच उंदीर दिसले. दिवस मावळायच्या आत वामनरावांच्या बांधावर नारळ फुटला होता आणि बिळाच्या तोंडाशी गूळखोबरं ठेवलेलं होतं. मामानं येऊन मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. त्याच आठवड्यात ब्लॉकाकडून, म्हणजे पंचायत समितीकडून, उंदीर मारायची मोहीम निघाली होती. काळ्या औषधाच्या पिठाच्या गोळ्यांच्या पुड्या घरोघर वाटल्या होत्या. लोकांनी त्या पुड्या जशाच्या तशा परत केल्या. माझे खुणेचे उंदीर वाचले. मला वाटलं, चला, देवानं माझा अभ्यास सांभाळला.

दोन दिवसांनी कौतिकाबाई बांधावर बसलेली दिसली. टोपलं पालथं, सब्बल बाजूला.

"आज उकरत नाही का, मावशी?"

"कोन उकरू देते? देवाचे घरं हायेत म्हनते थे. सब्बल दिसली का लोकं अंगावर येऊन राह्यले."

माझं हसू तिथेच जिरलं. मी लावलेल्या ठिपक्यांनी तिचा पौष-माघ बंद झाला होता. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, ते जास्त लागलं. मी त्याच दुपारी घरोघर फिरले. सांगितलं की हे मीच केलंय, तेलात शेंदूर कालवून, अभ्यासासाठी. लोक ऐकून घ्यायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि 'हाव बाई, हाव' म्हणायचे. लहान मुलीची समजूत काढतात तसे. कुणी बिळाला हात लावू दिला नाही.

तिकडे ब्लॉकाचे विस्तार अधिकारी चिडले होते. मोहीम फसली म्हणजे वरून विचारणा होणार. त्यांनी माझ्या कॉलेजाला लिहिलं की तुमची विद्यार्थिनी खेड्यात अंधश्रद्धा पसरवते आहे. सरांचं पत्र मला पोस्टानं आलं, मामाच्या पत्त्यावर. अक्षर सुरेख होतं. सांगितलेली पद्धत सोडून तुम्ही हे काय आरंभलंत, असं सुरुवातीला होतं. पुढे तोड काढून दिली होती. शेंदूर एका अडाणी मजूर बाईनं परस्पर लावला, असा जबाब ब्लॉकाचे साहेब तयार करतील. तिचा अंगठा घेतील, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. प्रकरण मिटेल आणि प्रबंध पुढे जाईल. नाहीतर मला तो पुढे पाठवता येणार नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी जीव टांगणीला लावू नये. तो प्रबंध पुढे गेला नाही. एम.एस्सी.ची पदवी मला मिळाली नाही, पुढेही मी घेतली नाही. मेहकरला आणि नंतर देऊळगाव राजाला शाळेत विज्ञान शिकवलं, सुट्ट्यांत वावरं तुडवली आणि जे पाहिलं ते मराठीत लिहिलं. आधी साप्ताहिकांत, मग पुस्तकांत. 'डॉक्टर' म्हणून कुणी हाक मारली की मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. 'इंग्रजीत लिहिलं असतं तर जगानं वाचलं असतं' असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी विचारते, जगाच्या वावरात पिंजरे लावले होते का मी? ज्यांच्या बिळांवर लिहिलं त्यांना ते वाचून दाखवता आलं पाहिजे, एवढी माझी अट होती. ती पाळली. माझं लिखाण मी छापायच्या आधी बांधावर बसून वाचायची, आणि कौतिकाबाई 'हे चुकलं' म्हणाली की पान फाडायची. चार वेळा फाडलेलं एक प्रकरण आहे माझ्या पुस्तकात. तेच सगळ्यांत चांगलं उतरलंय.

पण त्या दिवशी पत्र हातात घेऊन बसले होते तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. तेवीस वर्षांची होते. वडिलांनी माझ्या शिक्षणापायी भाऊबंदांची बोलणी खाल्ली होती. मामानं पत्र वाचायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. त्यानं दाढी खाजवली.

"वच्छे, सही करून टाक."

"मामा, लबाडी हाय थे."

"लबाडी तं हाय. पन कौतिकीचं काय जाते? अंगठा तं देनार. तिच्याजवळ कोनती डिगरी हाय जायाले?"

मी मामावर जन्मात पहिल्यांदा ओरडले. "तिचं काय जाते? लोकाइले वाटन का हिनं आपल्या देवाची थट्टा केली. मंग या गावात कोनी तिले वावरात पाय टाकू देईन का? मले डिगरी गेली तं नोकरी भेटन. तिले बिळं गेले तं काय भेटन?" मामी चुलीपुढून उठून आली आणि मला पाणी दिलं.

भीती वाटत नव्हती असं नाही, भरपूर वाटत होती. धाडसी माणसांना भीती वाटत नाही असं लिहिणाऱ्यांनी कधी सही मागणारा कागद समोर पाहिलेला नसतो.

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीपुढे साहेबांची जीप उभी राहिली. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची-टेबल मांडलं होतं. निम्मं गाव जमलेलं. साहेबांनी कागद वाचायला घेतला. 'सदर मजूर स्त्रीने अज्ञानापोटी व लोकांस फसविण्याच्या हेतूने' एवढं वाचून होतंय तोच मी उभी राहिले. टेबलाची कड धरली.

"साहेब, ते खोटं आहे. शेंदूर मी लावला."

"बाई, तुमच्या सरांशी माझं ठरलंय. तुम्ही फक्त सही करायची."

"मी सही करणार नाही. शेंदूर मी लावला, माझ्या अभ्यासासाठी. तसं लिहा."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची पदवी जाईल." मी मोठ्यानं म्हटलं, "जाऊ द्या." मोठ्यानं म्हटलं ते गावासाठी नव्हतं, माझ्यासाठीच होतं. एकदा चारचौघांत बोलून गेलं की मागे फिरता येत नाही.

गर्दीत गलबला झाला. बायांमधून वाट काढत कौतिकाबाई पुढे आली. काखेत गोणपाटात गुंडाळलेला पिंजरा. तिनं तो साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदावरच ठेवला आणि गोणपाट काढलं. आत एक दांडगा उंदीर गरगर फिरत होता. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. तिनं मला काही विचारलं नाही, मी तिला काही विचारलं नाही. तिनं फडक्यात उंदीर धरला, मान बाहेर काढली. शेंदराची डबी तिच्या ओच्यात होती. मी बोट बुडवलं आणि सगळ्या गावासमोर, भर उन्हात, ठिपका लावला. ओघळ तिच्या अंगठ्यावर उतरला. कुणीतरी सवयीनं हात जोडले, मग शेजाऱ्याकडे पाहून सोडले.

वामनराव पुढे आले. रागावले नव्हते. उंदराकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "तू लावला असशीन पोरी. मले कबूल हाय. पन तुले लावाची बुद्धी कोनं देली?" आणि बोट आभाळाकडे केलं.

गावानं माना डोलावल्या. कशी अडवली बाईला! या प्रश्नाचं उत्तर माझ्या ग्रंथात नव्हतं, आजही कुठल्या ग्रंथात नाही.

"म्या देली," कौतिकाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. उंदीर अजून तिच्या मुठीत होता.

"हे बोटं तोडाले निंगाली होती त्याचे. म्या म्हनलं शेंदूर लाव. वामनदादा, मी देव असतो तं दरसाली तुह्या वावरात कनसं उकराले आलो असतो का?"

पहिल्यांदा बाया हसल्या. मग मागची म्हातारी माणसं. वामनरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग तेही खदखदून हसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "जाय बाई, जाय. उकर." मी फडक्यातला उंदीर घेतला आणि ग्रामपंचायतीमागच्या कुंपणात सोडून आले.

परत आले तोवर साहेबांनी जुना कागद फाडला होता. त्यांना दुपारच्या आत दुसऱ्या गावी पोचायचं होतं. नव्या कागदावर त्यांनी खरं घडलं ते लिहिलं आणि खाली दोघींसाठी रेघा आखल्या: नाव, गाव, धंदा. माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. धंदा विचारला. कालपर्यंत मी 'विद्यार्थिनी' म्हटलं असतं. आता ते खरं उरलं नव्हतं. "संशोधन," मी म्हटलं. त्यांनी वर पाहिलं आणि लिहिलं.

"हं, पुढचं. कौतिकाबाई. धंदा मजुरी."

"थांबा हो साहेब. हिचं काय लिवलं?"

"संशोधन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "थे काय असते वं?"

"बीळ उकरून आत काय हाय थे पाह्यनं, मावशी."

"मंग माह्यंबी थेच लिवा."

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग 'संशोधन' या माझ्या शब्दाच्या बरोबर खाली दोन टिंबं दिली. वरीलप्रमाणे. मी सही केली. शिपायानं शाईची डबी उघडून तिच्यापुढे धरली, पण तोवर कौतिकाबाईनं अंगठा कागदावर टेकवला होता. तो केशरी उमटला.